अब्रू की संमती? प्रसारमाध्यमांचे कायदे वाचताना

(तालुका पातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण, किरकोळ फेरफारांसह.)

मैत्रिणींनो,

कार्यक्रमपत्रिकेत ‘प्रसारमाध्यमे आणि कायदा’ हा विषय पाहून सकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघींनी मला विचारलं, “ताई, हे आपल्या काय उपयोगाचं? आपल्याकडे बायका येतात त्या मारहाणीच्या, पोटगीच्या, जमिनीच्या वाट्याच्या तक्रारी घेऊन.” प्रश्न रास्त आहे. मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं तेव्हा कायद्याच्या पेपरात हुंडा होता, पोटगी होती, घरगुती हिंसाचार होता. वर्तमानपत्रं, सिनेमा, टीव्ही यांचे कायदे पत्रकारांनी आणि वकिलांनी वाचायचे, अशीच तेव्हा सगळ्यांची समजूत होती.

पण गेल्या काही वर्षांत केंद्रावर येणाऱ्या तक्रारींचं स्वरूप बदललं आहे. नवऱ्यानं मारल्याचं सांगता सांगता बाई खाली बघून म्हणते, “आणि त्यानं माझे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले.” बलात्काराची तक्रार झाली की दुसऱ्या दिवशी बातमीत गल्ली येते, वडिलांचा धंदा येतो, मुलीचं कॉलेज येतं; ‘नाव बदलले आहे’ एवढी ओळ तेवढी खाली असते. मोर्च्यात पुढे असलेल्या कार्यकर्तीचा फोटो कोणाच्या तरी अंगावर चिकटवून फिरवला जातो. हे सगळं माध्यमांतून होतं, आणि त्याचा कायदा आपल्याला माहीत नसतो. म्हणून आम्ही आठ जणींनी ठरवलं, की महिन्यातले दोन शनिवार एकत्र बसायचं आणि हे कायदे स्वतः वाचायचे. आमच्यात एक अंगणवाडी सेविका होती, एक शिक्षिका, दोघी बचतगटाच्या, एक वकिलीची परीक्षा देणारी मुलगी. वर्षभर वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

दोन प्रश्न

वाचायला बसलो तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर आम्ही दोन प्रश्न लिहिले होते. पहिला: हे कलम कोणाला जपतं? चित्रातल्या बाईला, की ते चित्र बघणाऱ्याच्या मनाला? दुसरा: योग्य काय नि अयोग्य काय, हे ठरवणार कोण? प्रत्येक कायदा या दोन प्रश्नांपुढे उभा करायचा, असं ठरलं.

सुरुवात घटनेपासून केली. कलम १९ नं आपल्याला बोलण्याचं, लिहिण्याचं, छापण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. त्यावर सरकारला वाजवी बंधनं घालता येतात, पण ती मनाला येईल त्या कारणासाठी नव्हे. कारणांची यादी घटनेतच दिली आहे: देशाचं सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. ही यादी पाठ करून ठेवावी अशी आहे. कारण ‘सरकारवर टीका’ किंवा ‘पुढाऱ्याची नाचक्की’ हे शब्द त्यात नाहीत. मोर्च्याचं पत्रक छापायला निघालात आणि कोणी दम दिला, तर यातलं कुठलं कारण लागू होतं, एवढंच शांतपणे विचारायचं.

पण दुसरीही एक गोष्ट लक्षात आली. बाईचं चित्र, बाईचं शरीर, बाईचं बोलणं यांचा प्रश्न येतो तेव्हा कायदा या यादीतला बहुतेक वेळा एकच शब्द उचलतो: सभ्यता किंवा नीतिमत्ता. बाईला विचारलं होतं का, हा प्रश्न त्या शब्दात बसत नाही.

बिघडतं ते मन कोणाचं?

अश्लीलतेची आपली कसोटी इंग्लंडहून आली. १८६८ साली तिथल्या एका खटल्यात न्यायाधीशांनी ठरवलं, की ज्यांची मनं अशा गोष्टींना बळी पडण्याजोगी आहेत त्यांच्या हाती हा मजकूर पडला, तर त्यांची मनं बिघडतील का, हे पाहायचं. म्हणजे मोजायचं ते बघणाऱ्याचं मन.

या कसोटीनं आपल्याकडे कोणाला शिक्षा झाली ते बघा. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. बाळंतपणांनी खंगणाऱ्या बायकांच्या हाती उपाय असावा, शरीराबद्दलचं अज्ञान जावं, म्हणून हा माणूस आयुष्यभर झिजला. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरं हाच गुन्हा ठरला होता. त्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. बाईच्या कामी येणारी माहिती कायद्याला अश्लील वाटली.

स्वातंत्र्यानंतरही कसोटी तीच राहिली. मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्यावर ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल खटला झाला, आणि १९६४ साली सर्वोच्च न्यायालयानं ती जुनी इंग्रजी कसोटी मान्य करून शिक्षा कायम केली. २०१४ साली न्यायालयानं ती कसोटी सोडली आणि समाजाच्या आजच्या मापानं, संपूर्ण संदर्भ लक्षात घेऊन पाहायचं, असं सांगितलं. ही प्रगतीच आहे. पण ‘समाजाचं माप’ म्हटलं की आपल्या गावात ते माप कोणाच्या हाती असतं, हे मी तुम्हांला सांगायला नको. बाई नवऱ्याचं नाव घेऊन बोलली तरी ज्या पारावर चर्चा होते, त्याच पारावरचं हे माप आहे.

‘असभ्य’ आणि ‘अवमानकारक’

यावर तुम्ही म्हणाल, की बायकांसाठी वेगळा कायदाही आहे. आहे. स्त्रियांचे असभ्य चित्रण प्रतिबंधक कायदा, १९८६. तो असाच आकाशातून पडलेला नाही. ऐंशीच्या दशकात शहरांतल्या स्त्री-संघटनांनी जाहिरातींच्या फलकांना काळं फासलं होतं. टायर असो की दाढीचं सामान, विकायला बाईचं शरीर कशाला, असा त्यांचा सवाल होता. म्हणजे सवाल होता वस्तूकरणाचा.

सरकारनं कायदा केला तेव्हा त्याच्या नावात शब्द आला ‘असभ्य’. व्याख्येत तीन गोष्टी एका दमात आल्या: असभ्य ठरणारं चित्रण, स्त्रियांना कमी लेखणारं चित्रण आणि सार्वजनिक नीतिमत्ता बिघडवण्याचा संभव असलेलं चित्रण. यातली मधली गोष्ट आपली होती. पहिली आणि तिसरी जुन्या कायद्यातून चालत आली. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड आहे. झडतीचे आणि जप्तीचे अधिकार सरकारी अधिकाऱ्यांना आहेत.

आमच्या गटात आम्ही एक प्रयोग केला. एका संध्याकाळच्या टीव्ही मालिका आणि जाहिराती पाहून, ‘स्त्रीला कमी लेखणारं’ काय दिसलं त्याची यादी केली. सून मुकाट्यानं अपमान गिळते आणि त्याला संस्कार म्हणतात. काळ्या मुलीला क्रीम लावल्यावर नोकरी मिळते. मुलगी नाही म्हणते आणि नायक पाठलाग करत राहतो, वर गाणं लागतं. या सगळ्या बायका डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या होत्या. मग हे कलम लावायला गेलात, तर समोरचा विचारणार, “यात असभ्य काय आहे?” पदर ढळला की कायद्याला दिसतं, माणूसपण ढळलं तर कायद्याची नजर तिथवर जात नाही. २०१२ साली हा कायदा इंटरनेटसारख्या नव्या माध्यमांना लागू करण्यासाठी दुरुस्ती विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं होतं. ते मंजूर झालं नाही. पुन्हा कधी आलं, तर ‘असभ्य’ हा शब्दच काढा, ही मागणी आपली असायला हवी.

फुलनदेवीला कोणी विचारलं?

सभ्यता आणि संमती यांतला फरक मला सर्वांत स्पष्ट दिसला तो ‘बँडिट क्वीन’ या चित्रपटाच्या दोन खटल्यांत.

फुलनदेवी तेव्हा जिवंत होती. १९९४ साली तुरुंगातून सुटल्यावर ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तिचं म्हणणं असं, की माझ्यावर झालेला बलात्कार, माझी गावातून काढलेली नग्न धिंड जगाला दाखवायला मी परवानगी दिलेली नाही. न्यायालयानं तिला अंतरिम मनाई दिली. पुढे दोन्ही बाजूंत तडजोड झाली आणि तो प्रश्न तिथंच मिटला.

दुसरा खटला वेगळ्याच माणसानं केला. आपल्या जातीची या चित्रपटानं बदनामी झाली आणि चित्रपट अश्लील आहे, अशी त्याची तक्रार होती. हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९६ साली न्यायालयानं चित्रपटाच्या बाजूनं निकाल दिला. नग्न धिंडीचं ते दृश्य वासना चाळवण्यासाठी नाही. पाहणाऱ्याला त्या बाईबद्दल कणव आणि अत्याचाऱ्यांबद्दल चीड यावी म्हणून आहे, असं न्यायालयानं मानलं. निकाल चांगला आहे. पडद्यावरचं नग्न शरीर म्हणजे अश्लीलता नव्हे, हे त्यानं सांगितलं, आणि तो आपल्या उपयोगाचा आहे.

पण वाचून झाल्यावर आमच्या गटातली शिक्षिका म्हणाली, “जातीच्या अब्रूचा खटला शेवटपर्यंत लढला गेला. बाईच्या संमतीचा अर्ध्यातच संपला.” प्रेक्षकाचं काय होईल याचा न्यायालयानं सविस्तर विचार केला. जिची ती गोष्ट होती, तिला ‘नाही’ म्हणायचा हक्क आहे का, यावर आपल्याला निकाल मिळालाच नाही. चित्रपट महत्त्वाचा होता की नाही, यावर आपल्यात दोन मतं होतील. ती असू देत. प्रश्न तिच्या हक्काचा आहे.

ठाण्याच्या पायरीवर

आता पुस्तकातून थोडं बाहेर येते. २०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्याकडे एक मुलगी आली, वय बावीस, कापडाच्या दुकानात कामाला. लग्न ठरलं होतं, साखरपुडा झाला होता. होणाऱ्या नवऱ्यानं हट्ट धरला म्हणून तिनं त्याला स्वतःचे काही फोटो पाठवले, अंगावर पुरेसे कपडे नसलेले. देण्याघेण्यावरून लग्न मोडलं. आठवड्याभरात ते फोटो तिच्या दुकानमालकाच्या फोनवर आले, मग भावाच्या मित्रांच्या.

मी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तिला म्हणाला, “फोटो पाठवले कोणी? तू. मग अश्लील मजकूर पाठवल्याचा पहिला गुन्हा तुझ्यावरच लागेल. बघ, तक्रार द्यायची का.” मुलीचे वडील तिथूनच उठले.

तो अधिकारी नुसती भीती घालत नव्हता, हे लक्षात घ्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ अश्लील मजकूर प्रसिद्ध करणाऱ्याला आणि पाठवणाऱ्याला शिक्षा सांगतं. विश्वासानं एकाला पाठवणारी कोण आणि सूड म्हणून पन्नासांना पाठवणारा कोण, हा भेद त्या कलमाच्या शब्दांत नाही. कारण ते कलम चित्राकडे बघतं, त्यातल्या बाईकडे नाही.

पण आमच्या वहीत दुसरं कलम होतं. २०१२ च्या दिल्लीतल्या बलात्कारानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीनं शिफारशी केल्या आणि २०१३ साली दंड संहितेत ३५४-क नंतरची काही नवी कलमं आली. त्यातलं एक, बाईचे खाजगी क्षण चोरून बघण्याचं वा टिपण्याचं, आता भारतीय न्याय संहितेत कलम ७७ म्हणून आहे. त्याखालच्या स्पष्टीकरणात सरळ म्हटलं आहे, की बाईनं चित्र काढायला संमती दिली असली, पण ते इतरांना दाखवायला दिली नसेल, तर ते पसरवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं कैद आणि दंड. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई हेही संमतीवरच उभं आहे. आम्ही ते स्पष्टीकरण मराठीत एका कागदावर लिहून नेलं. चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला मुलाविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला, कलम ७७ खाली.

मुलीची नोकरी मात्र गेली. आणि गुन्हा नोंदवल्याच्या तिसऱ्या दिवशी गावच्या एका यूट्यूब वाहिनीनं दुकानाच्या पाटीसकट बातमी दिली. नाव घेतलं नाही, पण ओळखायला कोणाला वेळ लागला नाही. तेव्हा आम्हांला कायद्यातलं आणखी एक भोक कळलं. पीडितेची ओळख उघड करण्याला बंदी करणारं कलम, पूर्वीचं २२८-ए आणि आताचं न्याय संहितेचं ७२, बलात्कार आणि त्याच्या जवळच्या गुन्ह्यांपुरतं आहे. कलम ७७ चा गुन्हा त्यात येत नाही. म्हणजे जिची अब्रू चित्रं पसरवूनच काढली, तिची ओळख पसरवायला हे कलम आड येत नाही. ही मागणी आपल्या ठरावात आज लिहून घ्या: कलम ७२ चं संरक्षण कलम ७७ आणि पाठलागाच्या कलम ७८ लाही मिळालं पाहिजे.

मग सरकारलाच जास्त अधिकार द्यावेत का?

असे अनुभव आले की संताप होतो आणि वाटतं, सरकारनं या सगळ्यावर कडक अंकुश ठेवावा. मलाही कितीदा वाटतं. म्हणून दुसरा प्रश्न महत्त्वाचा: ठरवणार कोण?

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर त्या बंदबद्दल चार ओळी लिहिल्या. दुसरीनं त्या आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पोलिसांनी जे कलम लावलं त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ए होतं. इतरांना त्रासदायक वा अवमानकारक वाटेल असं काही पाठवणं म्हणजे गुन्हा, अशी त्याची भाषा. ऑनलाइन छळाला आळा घालणारं कलम म्हणून त्याचं समर्थन होत होतं. हाती आलं तेव्हा ते दोन मुलींवर चाललं. या अटकेनंतर कायद्याच्या अभ्यासाकडे वळलेल्या श्रेया सिंघल या तरुणीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयानं ६६-ए रद्द केलं. त्रास, गैरसोय असे सैल शब्द घटनेच्या यादीत बसत नाहीत, हे त्यामागचं कारण. तरीही ठिकठिकाणी पोलीस या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले. २०२२ साली न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की हे थांबवा.

पुढचं उदाहरणही आपल्या मुंबईचंच. २०२३ साली केंद्र सरकारनं नियम केला, की केंद्राच्या कारभाराबद्दल समाजमाध्यमांवर आलेलं काय खोटं किंवा दिशाभूल करणारं आहे, ते सरकारनंच नेमलेला कक्ष ठरवील. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. सरकारबद्दलच्या बोलण्याचा न्याय सरकारच करू लागलं, तर रेशनच्या काळ्या बाजाराचं आपलं पत्रकही एक दिवस ‘दिशाभूल’ ठरेल.

टीव्हीचंही असंच. १९९५ च्या केबल कायद्यानं कार्यक्रम बंद करण्याचे अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत आणि पोलीस आयुक्त यांच्यासारख्या अधिकाऱ्यांना दिले. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की हवेतल्या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत, आणि त्यांचं नियमन सरकारपासून स्वतंत्र अशा सार्वजनिक संस्थेनं करावं. सगळ्या वाहिन्यांसाठी अशी स्वतंत्र संस्था अजून झालेली नाही. एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला वाहिन्यांनी स्वतःच नेमलेली मंडळं, अशी आपली व्यवस्था आहे. या दोहोंत आपण, म्हणजे बघणाऱ्या आणि जिच्याबद्दल दाखवलं जातं ती बाई, कुठे आहोत?

या लहरी आपल्या मालकीच्या आहेत म्हणता, तर बायकांच्या हातातल्या रेडिओचं काय? २००६ च्या धोरणानं संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी मिळाली. तेलंगणात दलित शेतकरी बायकांचा संघम रेडिओ २००८ साली सुरू झाला. आपल्याकडे म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आहे. बियाणं, बाळंतपण, ओव्या, बचत यांवर त्या बोलू शकतात. पण स्वतः गोळा केलेली बातमी द्यायला त्यांना परवानगी नाही. बातम्या हव्यात तर आकाशवाणीच्या लावायच्या. टँकरच्या पाण्यावर बाईनं गाणं म्हटलेलं चालतं. टँकर कोणी पळवला, हे सांगितलेलं चालत नाही.

आपल्या बाजूची कलमं, आपलं काम

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. सभ्यतेच्या नावानं सरकारच्या हाती दिलेलं प्रत्येक हत्यार उद्या आपल्याच बोलण्यावर उगारलं जाईल. आपण मागायचा तो संमतीचा कायदा. आणि असा कायदा शक्य आहे, याचा पुरावा आपल्याच चळवळीनं दिला आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं तेव्हा देशभर बायका रस्त्यावर आल्या. त्या मुलीचं नाव तेव्हा साऱ्या देशानं उच्चारलं. तिला कोणी विचारलं नव्हतं. त्या आंदोलनातून १९८३ साली कायदा बदलला, आणि त्याच दुरुस्तीत ओळख उघड करण्यावर बंदी आली. पण कलम नीट वाचा. पीडितेनं स्वतः लेखी परवानगी दिली, तर तिचं नाव छापता येतं. म्हणजे लपवणं हा उद्देश नाही. निर्णय तिचा असावा, हा उद्देश आहे. २०१८ साली कठुआच्या मुलीचं नाव आणि फोटो छापणाऱ्या माध्यमांना दिल्ली उच्च न्यायालयानं प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले. कलम चालतं, चालवलं तर.

गावी गेल्यावर काय करायचं, तेही सांगते.

वर्तमानपत्रानं चुकीचं वा ओळख पटवणारं छापलं, तर आधी संपादकाला पत्र लिहा, पोच ठेवा. समाधान झालं नाही तर दिल्लीच्या प्रेस कौन्सिलकडे तक्रार करा. दैनिक आणि साप्ताहिकासाठी छापल्यापासून दोन महिन्यांची मुदत आहे. कौन्सिल शिक्षा करत नाही, समज देतं, ताशेरे ओढतं. तरी छोट्या संपादकाला त्या कागदाची किंमत असते. यूट्यूब आणि टीव्ही मात्र कौन्सिलच्या कक्षेत येत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

फोटो फिरत असेल, तर पोलिसांबरोबर त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडेही लगेच लिहा. अशी नग्न चित्रं बाईनं किंवा तिच्या वतीनं कोणी तक्रार केल्यावर काढावी लागतात. २०२१ च्या नियमांनी त्यासाठी चोवीस तासांची मुदत घातली होती. ‘तिच्या वतीनं’ हे शब्द आपल्यासाठी आहेत. बाई स्वतः लिहायच्या स्थितीत नसते तेव्हा आपण लिहायचं. पण त्याआधी, कोणत्या क्रमांकावरून, कधी, कोणत्या ग्रुपवर आलं, याची नोंद आणि स्क्रीनशॉट ठेवा. चित्र आपण पुढे पाठवायचं नाही, आपल्या बैठकीच्या ग्रुपवरसुद्धा नाही.

केबलवरच्या कार्यक्रमांसाठी जिल्हा देखरेख समिती नेमण्याचे आदेश केंद्रानं काढले होते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, आणि सदस्यांत स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेची एक प्रतिनिधी. आपल्या जिल्ह्यात ही समिती आहे का, तिच्या किती बैठका झाल्या, ती प्रतिनिधी कोण, एवढं माहिती अधिकारात विचारा. आणि तिथं बसायची वेळ आली, तर किती इंच अंग दिसलं हे मोजायला बसू नका. त्या बाईला कसं वागवलं आणि तिला विचारलं होतं का, हे विचारा.

शेवटची गोष्ट आपल्या त्रैमासिकाबद्दल. १८६७ चा जुना कायदा जाऊन मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला आहे. आपणही माध्यम आहोत. आपल्या अंकात बायकांच्या कहाण्या येतात, फोटो येतात. पुढच्या अंकापासून प्रत्येक कहाणीबरोबर त्या बाईची सही किंवा अंगठा असलेला संमतीचा कागद फाईलला असावा, आणि छापण्याआधी तिला तिची कहाणी वाचून दाखवावी, असा ठराव मी मांडते. ‘नाही’ म्हणाली तर पान कोरं गेलं तरी चालेल.

चर्चेला सुरुवात करू या. कलम ७२ च्या मागणीचा मसुदा मागच्या रांगेतून फिरवलेला आहे. दुपारच्या जेवणाआधी त्यावर सह्या व्हाव्यात.